सतरावा खिळा

"सतरा," म्हातारा डोलन म्हणाला आणि थांबला. सतराव्या खिळ्यावर काहीच नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, त्या रिकाम्या खिळ्याकडं बघून "ह्यू डोलन" असं नाव घेतलं, टोपी परत घातली आणि पुढं वाचायला लागला. "अठरा. एकोणीस. वीस."

पऱ्यानं मला कोपरानं ढोसलं. "सर्ज्या, गुरुजी पूजा सांगतायत. तीर्थाला हात पुढं कर."

मी खोकल्याचं निमित्त करून हसू गिळलं. म्हातारा चोविसापर्यंत पोचला, फळ्याकडं पाठ केली आणि आम्हाला म्हणाला, "हसून घ्या. पण ज्या दिवशी हे गेटाचं चाक तुमच्या हातात येईल, त्या दिवशी वाचायचं. मोठ्यानं. मोजायचं नाही, वाचायचं."

१९७४ सालचा ऑक्टोबर होता तो. गाव वेल्डन फॉल्स, मॅसॅच्युसेट्स. मी सर्जेराव बर्गे, कऱ्हाडच्या खालच्या अंगाचा. पऱ्या म्हणजे प्रभाकर दीक्षित, मिरजेचा. सांगलीच्या कॉलेजात चार वर्षं एका खोलीत काढली आम्ही, एका स्टोव्हवर पिठलं-भात शिजवला आणि एकापाठोपाठ एक अमेरिकेला आलो. शिकलो धरणं बांधायला आणि नोकरी लागली ती दीडशे वर्षांपूर्वीच्या कालव्याच्या भिंती मोजायची. आदल्या वर्षी तेल महागलं होतं. तेल महागल्याबरोबर अमेरिकेला आपले जुने पाट आठवले. बंद पडलेल्या गिरण्यांच्या खालच्या पाण्यावर वीज होईल का, हे बघायला कालव्याच्या कंपनीनं आम्हा दोघांना ठेवलं. स्वस्तात मिळालो म्हणून, दुसरं काय!

पऱ्याचं लग्न झालेलं होतं. तो आणि नलिनीवहिनी वरच्या मजल्यावर, मी खाली. माझं जेवण त्यांच्याकडंच. "भावजी, ह्यांना जरा सांभाळून आणत जा हं, चिखलात कुठंही घुसतात," असं वहिनी रोज सकाळी जिन्यातून ओरडायच्या. मी म्हणायचो, "वहिनी, तो मलाच सांभाळतोय, असं त्यानं आईला पत्रात लिहिलंय."

त्या गावात नदी एकदम तीस फूट खाली उडी घेते. एवढ्या एका उडीवर ते सगळं गाव उभं राहिलं होतं. उडीच्या वरच्या अंगाला नदी अडवून कालवा काढला, कालव्याच्या दोन्ही काठांना आठ गिरण्या बांधल्या, आणि प्रत्येक गिरणीच्या पोटाखालून बोगद्यानं पाणी नेऊन चाकांवर सोडलं. डोलनला हे सांगायला फार आवडायचं. "लोक म्हणतात रेल्वेनं हा देश मोठा केला," तो पाइप ठोकत म्हणायचा. "रेल्वे नंतर आली रे. आधी पाणी. पश्चिमेचं धान्य बोटीत घालून शेकडो मैल आणलं ते कालव्यानं, डोंगरातला कोळसा आणला तो कालव्यानं. आणि इथं तर पाण्यानं माग चालवले. ह्या आठ इमारतींत दहा हजार पोरी कापड विणत होत्या, आणि कालवा एक दिवस बंद पडला की सगळ्या गावाचा आवाज बंद पडायचा."

"आणि खणला कुणी?" पऱ्या मुद्दाम विचारायचा.

"आम्ही. आयरिश लोकांनी. फावड्यांनी," म्हातारा म्हणायचा आणि छाती पुढं काढायचा. त्याच्या पणज्यापासून सगळे ह्याच कालव्यावर. तो स्वतः अडुसष्ट वर्षांचा, पन्नास वर्षं गेटवाला.

दरवर्षी ऑक्टोबरात सहा दिवस कालवा कोरडा करायचे. वरचं मोठं गेट बंद, पाणी सगळं नदीत, आणि मग गवंडी खाली उतरून भिंती दुरुस्त करायचे. खाली उतरणाऱ्या प्रत्येकासाठी चौकीत फळ्यावर पितळेचा बिल्ला होता. एक ते चोवीस. उतरताना आपला बिल्ला काढून खिशात घालायचा, वर आल्यावर आपल्या खिळ्याला टांगायचा. रोज काम सुटताना आणि पाणी सोडायच्या आधी गेटवाल्यानं फळा वाचायचा. सगळे बिल्ले जागेवर असले तरच चाकाला हात लावायचा. माझा बिल्ला आठ, पऱ्याचा नऊ.

सतरा मात्र कायमचा रिकामा. १९१२ साली डोलनचा बाप ह्यू खाली असताना कुणीतरी पाणी सोडलं. प्रेत सापडलं, बिल्ला सापडला नाही. त्याच्यानंतर तो नंबर कुणाला दिला नाही आणि खिळाही कुणी उपटला नाही. म्हणजे सगळी माणसं वर आलेली असली, तरी वेल्डन फॉल्सच्या फळ्यावर एक खिळा रिकामा दिसणार, हा तिथला रिवाज. आम्हाला आठवडाभरात त्याची एवढी सवय झाली, की फळा पूर्ण भरलेला दिसला असता तर चुकल्यासारखं वाटलं असतं.

मला त्या बिल्ल्यांचं काही नवल नव्हतं. माझे वडील, आबा, कृष्णेच्या पाटावर पाटकरी होते. पाळीचं पाणी सोडायच्या आधी ते पाटाच्या काठावर उभे राहून हाक द्यायचे, "पाणी सुटलंऽऽ!" पाटात धुणं धुणाऱ्या बाया, म्हशी पोहणीला घातलेली पोरं बाहेर यायची, आणि काठावर आली की उलट ओरडायची, "होऽऽ!" आबा मला सांगायचे, "हाक मारून भागत नाही, सर्जा. हो कुठनं आलं ते ऐकायचं. काठावरनं आलं तर चाक फिरव. पाटातनं आलं तर चाकाला शिवू नको."

हे मी पऱ्याला कधीतरी सांगितलं आणि त्याचा त्यानं खेळच करून टाकला. वहिनींनी पातेलं नळाखाली धरलं की हा ओरडणार, "पाणी सुटलंऽऽ!" आणि मी खालच्या मजल्यावरून, "होऽऽ!" कालव्यावरही तेच. गवंड्यांना वाटायचं, हे दोघे काहीतरी प्रार्थना म्हणतायत.

मंगळवारी आम्ही चार नंबरच्या गिरणीखालचा बोगदा मोजायला घेतला. चौकीपासून तो जवळच होता, पण बोगद्यात उतरायची लोखंडी शिडी गिरणीच्या आतल्या अंगणात होती, चौकीतून दिसत नव्हती. बोगदा दीडशे फूट लांब, पलीकडच्या तोंडाला लोखंडी गज. म्हणजे बाहेर यायची वाट एकच, आणि पाणी येणार तेही त्याच बाजूनं. मी वर वही घेऊन बसलो होतो, पऱ्या खाली टेप घेऊन. एकाएकी बोगद्यातून घुमल्यासारखा आवाज आला, "ओऽऽऽ..." माणूस कण्हतो तसा. माझ्या हातातली वही खाली पडली. बोगद्यात पाणी शिरलं की आतली हवा बाहेर पडताना असा आवाज येतो, आणि गवंडी म्हणतात की ह्यू बोलतोय, हे आम्ही ऐकलेलं होतं. पण पाणी तर नव्हतं!

थोड्या वेळानं पऱ्या शिडीवरून डोकं वर काढून फिदीफिदी हसत होता. "तोंड बघ तुझं! पाटकऱ्याचा पोरगा म्हणे!"

"मेल्या, एक दिवस खरंच पाणी सोडीन तुझ्यावर," मी म्हणालो.

मी हे बोललो. माझ्या तोंडचे शब्द आहेत. आजही कुठं पाण्याचा आवाज आला की आधी हेच ऐकू येतं.

त्याच दिवशी दुपारी डोलननं आम्हाला चौकीबाहेरचं, चार नंबरच्या बोगद्याचं गेट उघडायचं चाक दाखवलं. "बोगदा भरताना पहिल्यांदा दोनच फेरे द्यायचे," तो म्हणाला. "अर्धा तास थांबायचं, मग पुढं. आमचा बाप गेल्यानंतर हा नियम केला. कुणी फळा वाचायला चुकला, काही झालं, तरी दोन फेऱ्यांच्या पाण्यातून माणूस चालत बाहेर येतो. गुडघाभर पाणी असतं. तिसऱ्या फेऱ्यानंतर ते त्याला चालू देत नाही."

शुक्रवार उजाडला. शेवटचा दिवस. वारा असा गार की कान बधिर. दुपारपर्यंत गवंडी सगळे वर आले, त्यांनी बिल्ले टांगले आणि ट्रकमध्ये सामान भरायला लागले. वरचं मोठं गेट उघडून कालवा अर्धा भरत आणलेला होता. दोन वाजता चार नंबरचा बोगदा भरायचा होता.

आम्ही चौकीत डबे उघडले. पऱ्या चिखलानं माखलेला, पण डोळे कसे चमकत होते! मला त्याची ती नजर ठाऊक होती. कॉलेजात कुणाच्या गादीत बेडूक सोडून आल्यावर तो असाच दिसायचा.

"म्हातारा फळा कधी वाचणार?" त्यानं विचारलं.

"दोनला. का?"

"आज मी ऐकायला येणार. तूही ये."

"आठवडाभर ऐकतोय की."

"आज ये तू. मजा आहे."

"काय रे?"

"सांगत नसतो," तो म्हणाला आणि माझ्या डब्यातली चटणी घेतली. "बोगद्याचं काम संपलं बरं का माझं. वहिनीनं तुझ्या आज थालीपीठ लावायचं कबूल केलंय. लवकर सुटू."

'वहिनीनं तुझ्या' असंच म्हणायचा तो बायकोला.

मी ट्रकमध्ये शिड्या चढवायला गेलो. परत आलो तेव्हा चौकीत कुणी नव्हतं. मी म्हटलं, गेला असेल पुलावर सिगरेट ओढायला. वहिनींपासून चोरून ओढायचा.

पावणेदोनला डोलन दारातच आला, धापा टाकत. "वरच्या गेटाला पाला अडकलाय, मला जावं लागतंय. सार्ज, फळा वाच आणि दोनला चार नंबरला दोन फेरे दे. दोनच. मी वीस मिनिटांत आलोच." आणि तो गेलाही. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही त्यानं.

दोन वाजले. मी फळ्यासमोर उभा राहिलो. एकटाच होतो. इंजिनियर माणूस, एकट्यानं भिंतीपुढं उभं राहून एक, दोन, तीन असं पाढ्यासारखं ओरडायचं? लाज वाटली हो मला, खरं सांगतो. मी नजर फिरवली. पितळ चमकत होतं आणि मधे एक खिळा रिकामा होता. एकच. तो असणारच होता. मी बाहेर येऊन चाक फिरवलं, हाक दिली, आणि आत येऊन चहाची किटली ठेवली.

डोलन परत आला तेव्हा सव्वादोन होऊन गेले होते. त्यानं टोपीवरचं पाणी झटकलं, माझ्या हातातला कप बघितला आणि विचारलं, "वाचलंस?"

"हो."

तरी तो फळ्यापुढं गेला. पन्नास वर्षांची सवय. "एक. दोन. तीन." मी चहा ढवळत होतो. "सात. आठ." आणि तो थांबला. नेहमी सतराला थांबायचा तो, आठला कधी नाही.

"नऊ कुणाचा?" त्यानं विचारलं.

मी कप खाली ठेवला.

"नऊ कुणाचा, सार्ज?" आणि मग त्याची नजर पुढं सरकली. सतराव्या खिळ्यावर एक काळा पडलेला, चेपलेला बिल्ला लटकत होता. कुणीतरी तो बोटानं घासून घासून आकडा तेवढा चमकवलेला होता. म्हाताऱ्यानं हात लावला. त्याच्या तोंडून आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस सहा वर्षांच्या पोरासारखा "डॅडी" म्हणाला.

मग आम्ही दोघंही धावलो. तो चाकाकडं, मी गिरणीच्या अंगणाकडं. पळता पळता मला मागून त्याचा आवाज ऐकू येत होता. चाक उलटं फिरवताना तो सवयीनं फेरे मोजत होता. "एक... दोन..." आणि मग थोडा थांबून, "तीन... चार."

शिडीच्या तळाला पाणी छातीला लागत होतं आणि ते उतरायला पाऊण तास लागला. पऱ्या पलीकडच्या गजांपाशी सापडला. खांद्यावर टेप होता. टेपच विसरला होता तो खाली, आणि तोच आणायला गेला होता. नवव्या नंबरचा बिल्ला नियमानं काढून त्यानं खिशात ठेवलेला होता. त्यानं एकही नियम मोडला नव्हता. सकाळी बोगद्याच्या चिखलात त्याला बासष्ट वर्षांपूर्वीचा बिल्ला मिळाला, आणि म्हाताऱ्यानं सतरा म्हणायच्या वेळी तो तिथं असावा, एवढी एकच गंमत त्याला करायची होती.

कंपनीची चौकशी झाली. तिघे साहेब टेबलाच्या पलीकडं, अलीकडं मी आणि डोलन.

"फळ्यावर काय दिसलं तुम्हाला?"

"एक खिळा रिकामा होता. तो नेहमीच असतो."

"म्हणजे मयतानं कुणाला न सांगता फळ्यावर बिल्ला टांगला आणि त्यामुळं तुमची दिशाभूल झाली."

मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याला त्यांनी 'हो' धरलं.

"गेट किती उघडलं होतं?"

"नियमाप्रमाणे. दोन फेरे."

डोलन माझ्या शेजारी बसला होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली.

"काही ऐकू आलं का तुम्हाला? हाक, ओरडणं?"

"नाही."

कागदावर उतरलं: दोष मयताचा. सगळं मिटलं. बाहेर आल्यावर म्हातारा मला चौकीत घेऊन गेला. सतराव्या खिळ्यावर त्याच्या बापाचा बिल्ला होता आणि नववा खिळा रिकामा होता. पोलिसांनी परत दिलेला पऱ्याचा बिल्ला त्यानं माझ्या हातावर ठेवला.

"चार होते," तो म्हणाला.

"हो."

"का, ते मी विचारणार नाही. तुझ्या मित्रानं माझ्या बापाला वर आणलं, आणि आपण त्याला खाली ठेवलं. मीही गेलो नसतो तर..." त्यानं फळ्याकडं बोट दाखवलं. "इथून पुढं फळा तू वाचायचास."

वहिनींनी मला एकदाच विचारलं. अस्थी घेऊन मिरजेला जायला निघाल्या होत्या, बॅग दारात होती. रडून रडून आवाज गेलेला. "भावजी, शेवटी काही बोलले का हो हे? काही ऐकू आलं का तुम्हाला?"

"नाही, वहिनी."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे एकदम झालं असेल. कळलंसुद्धा नसेल त्यांना." आणि तेवढाच आधार बॅगेत घालून त्या गेल्या.

डोलन चार वर्षांनी वारला. लोकांनी मला वेड्यात काढलं, पण मी इंजिनियरचं टेबल सोडून त्याची चौकी मागून घेतली. पुढं तिथं म्युझियम झालं, शाळेची पोरं दहा हजार मागांच्या आणि आयरिश फावड्यांच्या गोष्टी ऐकायला यायला लागली, तरी कालवा दरवर्षी ऑक्टोबरात कोरडा व्हायचाच. एकोणतीस वर्षं मी फळा वाचला. मोठ्यानं. नवाला थांबायचो, टोपी काढायचो आणि नाव घ्यायचो. मग पाणी सोडलं की बोगदा कण्हायला लागायचा. गवंडी म्हणायचे, ह्यू बोलतोय. मला माहीत होतं कोण बोलतंय. घरी जाऊन मी नळ बारीक सोडायचो, आवाज होऊ नये म्हणून. लग्न केलं नाही. कुणाला काय सांगणार होतो?

२००३ साली नोकरी सुटली आणि त्यानंतर पहिल्यांदाच मी मिरजेला गेलो.

वहिनी शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. केस पांढरे, चष्मा, पण जिन्यातून ओरडणारा तो आवाज तसाच. "अगोबाई, भावजी! किती वाळलात!" मला पाट दिला, पाणी दिलं, आणि समोर घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या. सकाळचे दहा वाजले असतील. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. त्या म्हणाल्या, "मला एवढंच बरं वाटतं बघा, की त्यांना त्रास झाला नाही."

मी म्हणालो, "वहिनी, मला त्या दिवशी ऐकू आलं होतं."

शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली.

मग मी सगळं सांगितलं. दोन फेरे दिल्यावर मी आबांसारखी हाक मारली, "पाणी सुटलंऽऽ!" आणि उत्तर आलं, "होऽऽ!" हसत दिलेलं, पऱ्याचंच. त्याला वाटलं, मी रोजच्यासारखा खेळतोय. पाणी अजून त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आणि ते 'हो' काठावरून आलेलं नव्हतं, घुमत आलं होतं, खालून. पाटकऱ्याच्या पोराला कळत नाही का खालचं आणि वरचं? कळलं होतं मला. पण मंगळवारी हातातून पडलेली वही आठवली. मला वाटलं, गिरणीच्या कुठल्यातरी खिडकीशी तोंड लावून परत भुताचं सोंग करतोय. फळ्यावर तर एकच खिळा रिकामा. मी म्हणालो, "थांब भुता, घे!" आणि हसत हसत आणखी दोन फेरे दिले. मग त्यानं माझ्या नावानं हाक मारली. दोनदा. "सर्ज्या! सर्ज्याऽऽ!" त्यात हसणं नव्हतं. मी म्हटलं, काय बेमालूम सोंग करतोय लेकाचा. आणि आत जाऊन चहा ठेवला.

"दोन फेऱ्यांवर थांबलो असतो, तर तो चालत आला असता, वहिनी," मी म्हणालो. "चौकशीत खोटं बोललो. त्याच्यावर दोष येऊ दिला. तुमच्याशीही खोटं बोललो. एकोणतीस वर्षं."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील, रडतील, दार दाखवतील. मी त्यासाठीच आलो होतो. त्यांनी हातातली शेंग परातीत ठेवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी तुमची हाक ऐकली होती. तुम्ही तिथंच आहात, हे त्यांना ठाऊक होतं."

"हो."

"मग ते घाबरले नसतील. सर्जेराव वर उभा आहे म्हटल्यावर चाक उलटं फिरणारच, अशी खात्री असणार त्यांना." चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला. "शेवटपर्यंत वाट बघितली असेल हो तुमची."

मला भावजी म्हणायच्या त्या. त्यानंतर म्हणाल्या नाहीत.

मी खिशातून नवव्या नंबरचा बिल्ला काढला आणि त्यांच्यापुढं धरला. म्हणालो, हा तुमचा आहे, घरात कुठं खिळा असला तर टांगा. त्यांनी तो हातात घेतला नाही. नुसता बघितला, आकड्यावरून नजर फिरवली.

"हा वर आल्यावरच टांगतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि माणूस खाली असेपर्यंत?"

"खिशात."

त्यांनी शेंगांची परात पुढं ओढली. "मग राहू दे तुमच्याच खिशात," त्या म्हणाल्या.